‘गेट’वर लाल शाई : खडूवाला सरांना उत्तर

पार्क चौक :
परवा ‘खडूवाला’ सरांनी इथं, आपल्या सोलापूरकरांच्या ग्रुपवर लिहिलं की इंग्रजीतलं ‘गेट’ (get) हे आळशी पोरांचं क्रियापद आहे. आठवीच्या वहीत दिसलं की ते लाल शाईनं खोडतात आणि वर रिसीव्ह, ऑब्टेन नाहीतर बिकम लिहायला लावतात. वर पंचवीसेक जणांचे नमस्कार. म्हटलं जाऊ दे, पण राहवत नाही.

सर, ‘आय गॉट अ लेटर’चं रिसीव्ह्ड करा, हरकत नाही. ‘इट गॉट डार्क’चं बिकेम करा. पण ‘गेट अप’चं काय करणार? ‘डिड यू गेट द जोक’चं? ‘गेट ओव्हर इट’चं? तिथं ऑब्टेन घालून दाखवा, मीही नमस्कार टाकतो.

खरी गोम पुढंच आहे. आमच्या ऑफिसात एक पोरगं मुलाखतीला उशिरा आलं. कारण विचारलं तर म्हणतं, ‘सर, आय रिपेअर्ड माय बाईक.’ बाहेरून आलेल्या साहेबाला वाटलं, हा स्वतःच पाना घेऊन बसला होता. खूश होऊन क्लचबद्दल विचारायला लागला. पोरगं घामाघूम. ‘आय गॉट माय बाईक रिपेअर्ड’ एवढंच यायला हवं होतं. आपण ‘केस कापले’ म्हणतो, कापतो न्हावी, सगळ्यांना कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की आरसा-कात्री तुमच्याच हातात. हा घोळ जो शब्द निस्तरतो तोच तुम्ही खोडताय.

खडूवाला :
पेपर तुमच्या ऑफिसात तपासले जात नाहीत. ‘आय गॉट अप, गॉट रेडी, गॉट ब्रेकफास्ट, गॉट द बस.’ असे तीस-तीस निबंध एका बैठकीत वाचून दाखवा, मग ज्ञान द्या. अर्थ जास्त म्हणजे शब्द थोर, असं असतं का? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘रन’ क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. म्हणून पोरांनी नुसतं रन रन करायचं? आणि बाईकचं म्हणाल तर ‘आय हॅड माय बाईक रिपेअर्ड’ होतं की. गेटवाचून काही अडत नाही.

पार्क चौक :
हॅड चालतं, मान्य. शिकवलंत का पण कधी?

अक्कलकोट रोड :
गंमत म्हणजे ‘गेट’ आला नॉर्स लोकांच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्द्यांच्या, ‘गेटा’वरून, आणि रिसीव्ह, ऑब्टेन आले फ्रेंचमधून. म्हणजे सर एका पाहुण्याला हाकलून दुसऱ्याला पाटावर बसवताहेत. आमची पोरगी अमेरिकन कंपनीचं काम करते. तिकडून ‘हॅज गॉटन बेटर’ असा मेल आला तर ही म्हणते चूक आहे, सरांनी खोडलं होतं! इंग्लंडात ‘गॉटन’ मागं पडला, अमेरिकेनं ठेवला. ‘फरगॉटन’मध्ये तर तो आपल्या वहीतही बसलाय.

हुरडा पार्टी :
आपलं ‘लागणे’ बघा. स्टँडवर पुण्याची गाडी लागली, पोराला गाडी लागली, भूक लागली, नोकरी लागली, लग्न लागलं, निकाल लागला. कुणी मराठीचा मास्तर ‘लागणे’ खोडतो का?

पूर्वभाग :
‘लागणे’ नसेल, बाकी खोडतात. आमच्या घरी तेलुगू. निर्जीव वस्तूला तो-ती-ते नसतंच. पाचवीत ‘चादर फाटला’ म्हणालो, तर मास्तरांनी वर्गासमोर उभं करून तेच परत परत म्हणायला लावलं. घरात माग होते. तुटलेला धागा कुठून धरून गाठ मारायची ते मला तेव्हाही कळायचं. पण चादर ‘ती’ असते यावरून पोरं वर्षभर हसली.

खडूवाला :
चादर ‘फाटली’च. मास्तरांचं काय चुकलं?

पूर्वभाग :
चुकलं हे, की नंतर मी मराठीच्या तासाला तोंडच उघडलं नाही. तुमच्या लाल शाईचंही तेच होणार.

शुद्धलेखन :
रडगाणं पुरे. महाराष्ट्रात राहायचं तर मराठी नीट बोलायला नको?

पूर्वभाग :
पिढ्या गेल्या इथं आमच्या. तुम्ही पांघरता ती चादर कुणाच्या मागावरची आहे ते बघा आधी, मग नीट बोलायला शिकवा.

काय बे :
ए, दमानं घ्या की. आमच्याकडं आईशी कन्नड, मालकाशी तेलुगू, दोस्ताशी हिंदी, बाजारात मराठी. सोलापुरात नीट बोलतंय कोण? पुण्यात ‘येतो की’ म्हटलं तरी लोक त्या ‘की’कडं बघत बसतात.

शुद्धलेखन :
म्हणूनच नोकऱ्या लागत नाहीत.

काय बे :
मला लागली की. पुण्यातच.

हुरडा पार्टी :
विषय गेट होता, मंडळी.

खडूवाला :
बरं बाबा, तुमचं राज्य. उद्यापासून दुसऱ्याकडून काम करून घेतलं असेल तिथं ‘गॉट’ माफ. आय गॉट माय बाईक रिपेअर्ड, आय गॉट माय शर्ट स्टिच्ड, आय गॉट माय बिअर्ड शेव्ह्ड. ब्रेकफास्ट आणि बस मात्र लालच. खूश?

पार्क चौक :
खूश. पण सर, दाढी घरी स्वतःच करत असाल तर तिसरं वाक्य खोडा.