टोंकचा नवाब अमीर खान: होळकरांचा गद्दार की पक्का मुत्सद्दी?

छत्रीबागवाला
नमस्कार मंडळी. जयपूरहून कोट्याच्या रस्त्याने इंदूरला परत येताना मधे टोंकला थांबलो होतो, तिथे चहाच्या टपरीवर एक चाचा नवाब अमीर खानाबद्दल इतक्या आदराने बोलत होते की मी गप्पच बसलो, कारण आमच्या घरी हे नाव फक्त शिवीसारखंच ऐकलंय. आजोबा म्हणायचे, यशवंतराव होळकरांच्या जिवावर मोठा झाला आणि ऐन वेळी इंग्रजांना जाऊन मिळाला. तारखा बघितल्या तर तसंच वाटतं, ९ नोव्हेंबर १८१७ ला याचा कंपनीशी तह आणि २१ डिसेंबरला होळकर-इंग्रजांची महिदपूरची लढाई, दीड महिना पण नाही मधे. आणि मग हाच माणूस १८३४ ला मरेपर्यंत आरामात राज्य करतो, संस्थान तर १९४८ पर्यंत चाललं! संभळकडचा एक पठाण शिपाईगडी नवाब झाला कसा? प्लीज माहिती असेल तर लिहा, व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड नकोत.

सराफ्यातला जोशी
यात विचारायचं काय, गद्दारच. नुसता होळकरांचा नाही, कोणाचाच नव्हता तो. १८०८ मध्ये जोधपूरच्या सरदाराला, पोकरणच्या सवाईसिंहाला, शपथा घेऊन दोस्तीत बोलावलं, तंबूत नाचगाणं चालू असताना दोऱ्या कापून तंबू अंगावर पाडला आणि वरून तोफा डागल्या. उदयपूरच्या राजकन्येला, कृष्णाकुमारीला, १८१० मध्ये विष पाजलं गेलं, त्यामागे पण याचाच दबाव. जयपूर आणि जोधपूर तिच्याशी लग्नासाठी भांडत होते आणि हा आज याच्याकडून पैसे घे, उद्या त्याच्याकडून. मुत्सद्दी म्हणे!

दप्तरवाली
जोशीकाका, ते सगळं खरंच आहे, कोणी नाकारत नाही. पण छत्रीबागवाल्या दादाचा प्रश्न वेगळा आहे, शिपायाचा नवाब कसा झाला. माझ्या मते याचं उत्तर पगारात आहे.

तेव्हाची फौज म्हणजे सरकारी नोकरी नव्हती. सरदार माणसं जमवायचा, त्यांना पोसायची जबाबदारी त्याची, आणि मुलूख नसेल तर पोसणार कशावर, तर लुटीवर आणि खंडणीवर. यशवंतरावांशी त्याची बोलीच अशी होती की जे मिळेल ते दोघांत वाटून घ्यायचं, आणि यशवंतराव धडधाकट होते तोवर हे जमलं. १८०५ मध्ये कंपनीचा सेनापती लॉर्ड लेक याने भरतपूरला वेढा घातला होता तेव्हा खान फौज घेऊन थेट रोहिलखंडात घुसला, कंपनीचं लक्ष तिकडे वळावं म्हणून, तिथे अफजलगढला मार खाल्ला तो भाग वेगळा. पण त्या वर्षअखेरी होळकर-इंग्रजांचा राजपूरघाटचा तह झाला, मग यशवंतरावांचं डोकं बिघडलं आणि १८११ ला भानपुऱ्याला ते गेले. आता फौजा तशाच, धनी मात्र लहान पोर, आणि कारभार यशवंतरावांच्या मागे राहिलेल्या तुळसाबाईच्या हातात. पगार थकला की पलटणी सरदारालाच धरणं धरून कोंडून ठेवायच्या, अमीर खानावर पण ही पाळी आलेली आहे. राजपुतान्यात त्याने जो धुमाकूळ घातला तो बराचसा या तगाद्यापायी. माफी देत नाहीये हं, कारण सांगतेय.

आणि त्याला सरसकट पिंडारी (पेंढारी, लुटारू टोळीवाला) म्हणतात ते पण बरोबर नाही. चितू, करीम खान हे पिंडारी. याच्याकडे कवायती पलटणी होत्या, तोफखाना होता, म्हणून तर इंग्रजांनी त्याच्याशी लढण्यापेक्षा सौदा केला. कंपनीचा दिल्लीतला अधिकारी मेटकाफ याने बोलणी केली. अटी साध्या: फौज मोडायची, पिंडाऱ्यांशी संबंध तोडायचा, जादा तोफा मोबदला घेऊन कंपनीला द्यायच्या, आणि बदल्यात होळकरांच्या सनदांनी जो मुलूख त्याच्याकडे होता तो वंशपरंपरेने त्याचा.

माझा खरा राग इथे आहे. ती जमीन होळकरांनी फौजेच्या खर्चासाठी दिलेली, खानाने फौज मोडली आणि जमीन ठेवून घेतली, ते पण तिसऱ्याच्या सहीने! जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहात होळकरांकडून लिहून पण घेतलं की त्या मुलखावर आमचा हक्क नाही. महिदपुरात हरलो ते दिसतं, कागदावर काय गेलं ते कोणी बोलत नाही.

रतलामची माहेरवाशीण
यात एक भर. महिदपूरच्या वेळी होळकरांच्या छावणीत होता तो अमीर खानाचा मेहुणा गफूर खान, त्याचा तिथला प्रतिनिधी म्हणा. लढाईच्या आदल्या दिवशी तुळसाबाईंना क्षिप्रेच्या काठी नेऊन मारलं ते पठाण सरदारांच्या गटाने. मंदसौरच्या तहाचं बारावं कलम बघा, जावरा, ताल, मल्हारगड वगैरे परगणे गफूर खानाला, ६०० घोडेस्वार बाळगायच्या अटीवर. आपण हुसेन टेकरीला म्हणून जातो ना, तेच जावरा. म्हणजे एका घरातून दोन नवाब्या निघाल्या आणि दोन्ही होळकरांच्या मुलखातून!! आमच्या मामांकडे तर आजही गफूर खानालाच जास्त शिव्या पडतात 😄

सराफ्यातला जोशी
तेच म्हणतोय मी, सगळे एका माळेचे मणी. आणि दप्तरवाली ताई, टोंकवाले जे गोडवे गातात ते कुठून आले ते पण सांगा. त्याच्याच पदरच्या मुन्शीने फारसीत चरित्र लिहिलं, १८३२ ला कलकत्त्यात त्याचं इंग्रजी छापून पण आलं, खान जिवंत असतानाच. धन्याबद्दल मुन्शी वाईट लिहील का?

छत्रीबागवाला
धन्यवाद सगळ्यांना, एवढं एका जागी कुठेच मिळालं नव्हतं. नवाब झाल्यावर काय केलं त्याने? सतरा वर्षं कमी नाहीत.

दप्तरवाली
राज्य चालवणं त्याला अवघडच गेलं असणार, कारण संस्थान सलग नव्हतंच. सहा परगणे, सहा ठिकाणी. टोंक, रामपुरा (पुढचं अलीगढ, यूपीतलं नव्हे) आणि निंबाहेडा राजपुतान्यात, छबडा, पिडावा आणि सिरोंज खाली आपल्या बाजूला. सिरोंज आता विदिशा जिल्ह्यात आहे. मधे सगळी दुसऱ्यांची राज्यं. उतारवयात धार्मिक झाला. पुढे बालाकोटला शिखांशी लढताना मेलेले रायबरेलीचे सय्यद अहमद आधी याच्याच फौजेत स्वार होते, तह झाला तेव्हा सोडून गेले. त्यांना पण तो तह पटला नव्हता म्हणजे, जोशीकाका तुम्ही एकटे नाही 😀 खानाचा मुलगा वझीरुद्दौला मात्र त्याच सय्यद अहमदांचा मुरीद (शिष्य), आणि १८३४ नंतर गादीवर तोच बसला.