१ मेच्या साडीवरून: सोलापुरातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-२०४ माने: सकाळी सकाळी लिहावं लागतंय, पण लिहिते. नोटीस बोर्डवर कागद लागलाय. १ मेच्या ध्वजवंदनाला सर्व महिलांनी मोरपंखी पैठणी, सर्व पुरुषांनी सिल्क कुर्ता आणि जॅकेट. साडीचे ८५० रुपये वॉचमनकडे जमा करावेत. हे कुणी ठरवलं आणि कधी?

बी-१०२ देशमुख (सांस्कृतिक): शुभ सकाळ वहिनी 🙏 सांस्कृतिक समितीच्या मीटिंगमध्ये ठरलं. तुम्हालाही निरोप होता.

ए-२०४ माने: निरोप होता दुपारी ३ चा. तोही खालच्या हॉलमध्ये, जिथला पंखा दिवाळीपासून बंद आहे.

बी-१०२ देशमुख (सांस्कृतिक): पंखा कमिटीकडे येतो. मी सांस्कृतिक बघते.

डी-१०१ शेटे: वरच्या मजल्यावरील सभासदांनी कपडे नीट पिळून वाळत घालावेत. आमच्या गॅलरीत पाणी ठिबकते. कृपया नोंद घ्यावी.

सी-३०३ हिरेमठ: देशमुख मॅडम, राग मानू नका. गेल्या वर्षीची हिरवी साडी आठवते का? आमच्या सासूबाईंना झेंड्यापुढंच चक्कर आली होती. घरी आणून बघतो तर ब्लाउज, परकर, पाठ, सगळं हिरवं.

बी-१०२ देशमुख (सांस्कृतिक): आजी उपाशी होत्या. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते.

सी-३०३ हिरेमठ: उपाशी नव्हत्या ओ. शेंगाचटणी-भाकरी खाऊन आल्या होत्या.

सी-५०१ पाटील (चेअरमन): सर्वांनी शब्द जपून वापरावेत. ड्रेस कोडमागचा उद्देश चांगला आहे. आपल्या विंगचा फोटो पेपरला द्यायचा आहे.

ई-६०२ आदित्य: काका, काल दुपारी ४२ होतं. जॅकेट घालून कोण उभं राहणार?

सी-५०१ पाटील (चेअरमन): शिस्त म्हणून एक तास काही होत नाही.

ए-२०४ माने: एक तास कुठला, साहेब. गेल्या वर्षी भाषणच तेवढं झालं.

सी-५०१ पाटील (चेअरमन): हा मेसेज डिलीट केला आहे.

ए-३०१ बोल्ली: नमस्कार. मी सहसा इथं लिहीत नाही. देशमुख मॅडम, साडीचा सॅम्पल पीस तुमच्याकडे असेल तर संध्याकाळी बघायला मिळेल का? ८५० मध्ये पैठणी म्हणतात, तेव्हा कापड हातात घेतल्याशिवाय मला राहवणार नाही.

बी-१०२ देशमुख (सांस्कृतिक): अवश्य या. बघून खात्री करा. आमच्यावर विश्वास नसेल तर तसंही सांगा.

ए-३०१ बोल्ली: विश्वास आहे मॅडम, म्हणून तर विचारून येते.

डी-२०२ देशपांडे: पैठणीचा विषय निघालाच आहे तर लिफ्टमधल्या पोशाखाबद्दलही बोलू. तरुण मंडळी गुडघ्याच्या वर चड्डी घालून ये-जा करतात. आम्ही डोळे कुठे ठेवायचे?

ई-६०२ आदित्य: आजोबा, ती शॉर्ट्स आहे. सुती आहे, गुडघ्यापर्यंत आहे. मजल्याच्या आकड्याकडे बघायचं ना लिफ्टमध्ये 😄

डी-२०२ देशपांडे: नमस्कार करायची पद्धत गेली, आता पोशाखही गेला.

बी-४०१ शेख: देशपांडे काका, मुलं उन्हातून येतात, राहू द्या. घरात कोण काय घालतं ते उन्हाळाच ठरवतो. आमच्याकडे एप्रिल लागला की सगळे कडक कपडे पेटीत जातात, मलमल आणि लॉनच्या पातळ सुती कापडाचे सूट बाहेर येतात. माझा लखनवी चिकनचा पांढरा कुर्ता धुऊन धुऊन इतका मऊ झालाय की इस्त्री नको वाटते.

सी-३०३ हिरेमठ: भाभी, तो ईदला घातलेला ना? फार गोड दिसतो.

बी-४०१ शेख: तोच 🙂

डी-१०४ काळे: उन्हाळ्याची खरी फॅशन म्हणजे गाऊन. त्यावर ओढणी टाकली की दूधवाला, भाजीवाला, बँक, सगळं आटोपतं.

डी-२०२ देशपांडे: बँकेत गाऊन! धन्य आहे.

डी-१०४ काळे: अहो, गाऊनला नावं ठेवू नका. पहाटे ५ ला उठून गॅसपुढे उभं राहून पोळ्या कराव्या लागतात, त्यांना विचारा. अंगात शिरेल एवढी हवा दुसऱ्या कपड्यात नसते. मी तर नातीसाठीही सुती कापडाचे झबल्यासारखे गाऊन शिवून घेतले.

ए-२०४ माने: काळे ताईंचं शंभर टक्के बरोबर. आणि गाडीवर सनकोट, हातमोजे, डोळे सोडून सगळं बांधलेला स्कार्फ. नवऱ्यानेही ओळखलं नाही मला सिग्नलला.

डी-१०१ शेटे: वरच्या मजल्यावरील सभासदांनी कपडे नीट पिळून वाळत घालावेत. आमच्या गॅलरीत पाणी ठिबकते. गाऊन असो वा साडी.

ई-५०३ चव्हाण: चपलांचं काय ठरलं? कुर्त्याखाली बूट घालू नका एवढीच विनंती. मी कोल्हापूरचा, म्हणून सांगतो. कापशी घाला, आमची कोल्हापुरी चप्पल.

ई-६०२ आदित्य: काका, प्राडावाली का? 😄

ई-५०३ चव्हाण: हसू नकोस. जून २०२५ ला मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल घालून मॉडेल चालले, तेव्हा कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर प्राडा कंपनीने मान्य केलं. २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे आपल्याकडे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले ४ जिल्हे मिळून. सोलापूरही त्यात आहे, हे इथल्या किती जणांना माहीत आहे?

सी-३०३ हिरेमठ: कर्नाटकातलं बागलकोटही आहे की त्यात. माझं माहेर.

ई-५०३ चव्हाण: आहे की. ते कारागीर तर जुनेच. हे वनस्पतीच्या सालीच्या रसात कमावलेलं कातडं, घाम शोषतं, पायाला भाजत नाही. नवी घेतली की आतून एरंडेल चोळा, चार दिवस घरात घाला, मग बाहेर. पहिल्या दिवशीच ध्वजवंदनाला घालाल तर अंगठा सोलून निघेल आणि नाव कोल्हापूरचं खराब होईल.

सी-५०१ पाटील (चेअरमन): चव्हाण साहेब, चप्पल मार्गदर्शन छान. विषयावर या.

(दुसऱ्या दिवशी)

ए-३०१ बोल्ली: देशमुख मॅडमनी काल सॅम्पल दिलं, चहाही दिला, त्याबद्दल आभार. आता जे बघितलं ते सांगते. साडीच्या अंगाचा एक उभा धागा काढला, चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेला. ज्योत लागायच्या आधीच धागा आक्रसला, वितळला, टोकाला काळा मणी झाला. तो गार झाल्यावर नखाने दाबला तरी फुटत नाही. रेशीम असतं तर केस जळल्याचा वास आला असता आणि राख बोटात चुरली असती. सूत असतं तर कागद जळल्याचा वास आला असता. हे पॉलिएस्टर आहे. फोटो टाकते आहे.

ए-३०१ बोल्ली: दुसरं, पदर उलटा करून बघा. मोराच्या मागे सगळे धागे मोकळे लोंबतात, कापून सोडलेले. हातमागाच्या पैठणीत नक्षीचे धागे विणताना एकमेकांत अडकवत नेतात, त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. या पदरात आपल्या बांगड्या अडकतील आणि कडेवरच्या लेकराच्या गालाला टोचेल. पैठण-येवल्याच्या पैठणीला २०१० पासून जीआय आहे. ती विणायला महिनोन्‌महिने लागतात. ८५० रुपयांत ती मिळूच शकत नाही, म्हणून यात मॅडमना दोष देत नाही.

बी-१०२ देशमुख (सांस्कृतिक): बोल्ली ताई, दुकानदार सेमी पैठणी म्हणाला होता. मी अस्सल म्हटलंच नव्हतं. सगळ्या सारख्या दिसल्या की फोटोत किती छान वाटतं, एवढाच हेतू. उन्हात नव्या पेठेत चकरा मी मारल्या, अ‍ॅडव्हान्स माझ्या खिशातून गेला. त्याचं कुणाला काही नाही.

डी-१०४ काळे: अगं, तुझी धडपड दिसते की गं. रागावू नकोस.

ई-६०२ आदित्य: बोल्ली मावशी, एक शंका. माझे पळायचे टीशर्ट पॉलिएस्टरचे आहेत आणि घामात तेच बरे वाटतात. मग साडीला काय झालं?

ए-३०१ बोल्ली: चांगला प्रश्न आहे बाळा. तुझा टीशर्ट विरळ जाळीचा, एकेरी. तू पळतोस तेव्हा वारा लागतो, घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरून उडून जातो. साडी घट्ट विणीची, निऱ्यांचे पदरावर पदर, खाली परकर, वर अस्तराचा ब्लाउज. आणि आपण उभे असतो, वारा नाही. सूत साध्या हवेतही आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून त्यात घाम अंगावरच राहतो. रेशीम तर सुताहून जास्त ओलावा धरतं, पण जरीचं वजन आणि अस्तर मे महिन्यात नको.

ए-२०४ माने: ताई, तुम्हाला हे इतकं कसं माहीत?

ए-३०१ बोल्ली: पूर्व भागातल्या मागवाल्यांच्या घरात लग्न होऊन आले. सासरे माग चालवायचे, मी कांड्या भरायचे. दुपारी पत्र्याखाली भट्टीसारखं तापायचं. तिथं कुणी नायलॉन-पॉलिएस्टर घालून बसलं नाही, बायका सुती लुगड्यातच असायच्या. चादरी आणि टॉवेलसाठी सोलापूरचं नाव जगभर झालं ते सुतावर. त्या शहरात १ मेला आपण गाठोड्याने प्लॅस्टिक गुंडाळून झेंड्याला सलाम करायचा, हे मला पटत नाही. मनापासून सांगते, फोटोपेक्षा मला तिथं उभी असलेली हिरेमठ आजी महत्त्वाची वाटते.

डी-२०२ देशपांडे: बोल्ली ताई, हे मात्र योग्य बोललात. आमचे वडील मांजरपाटाची बंडी घालत, तिला दोन मोठे खिसे. त्यात पानाचा डबा आणि बसचं तिकीट. आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज उचलणारे आजही पांढऱ्या बाराबंदीतच असतात ना? तो काय कमी रुबाबदार पोशाख आहे? अंगभर, सैल, बंदाने बांधायचा, बटण नाही.

ई-६०२ आदित्य: आजोबा, बाराबंदी आणि शॉर्ट्स चालेल का 🙏

डी-२०२ देशपांडे: धोतर नेस, मग बघू.

सी-५०१ पाटील (चेअरमन): सिल्क कुर्त्याऐवजी खादीचा पर्याय विचारात घेऊ. जॅकेट ऐच्छिक.

ई-५०३ चव्हाण: झेंडाही खादीचाच आणा साहेब. ३० डिसेंबर २०२१ ला नियम बदलले, आता पॉलिएस्टरचाही चालतो. म्हणून आपणही तोच आणायचा असं नाही.

सी-५०१ पाटील (चेअरमन): झेंडा आहे खादीचा. माझ्या कपाटात आहे. त्यावर शंका नको.

बी-४०१ शेख: मग बायकांनीही आपापल्या कपाटातलं सुती नेसावं की. मी पांढरा सूट आणि केशरी ओढणी घालेन.

बी-१०२ देशमुख (सांस्कृतिक): म्हणजे कुणी काहीही? मग समिती कशाला हवी?

ए-३०१ बोल्ली: मॅडम, समिती हवीच. रंग तुम्ही ठरवा, कापड सुती. पांढरा, मोतिया आणि हिरवे काठ असं म्हटलंत तर फोटोही एकसारखा येईल. ज्यांच्याकडे नाही त्यांनी घ्यावी, बाकीच्यांवर खर्च नाही.

सी-३०३ हिरेमठ: आणि ज्यांना घ्यायची त्यांनी सुती इरकल घ्या. अंग सुती, पदर रेशमी, काठ ठसठशीत. आमच्या आईकडं रोजचं नेसणं तेच होतं. पदराचे उभे धागे मागावरच अंगाच्या उभ्या धाग्यांना अडकवून जोडतात, टोपपदर म्हणतो आम्ही. त्या जोडाजवळ बोट फिरवलं तर गाठी लागतात हाताला, तीच खूण.

ए-२०४ माने: मला काळी चौकडीची मिळेल का?

सी-३०३ हिरेमठ: १ मेला काळी? संक्रांतीला नेसा की.

ए-२०४ माने: बरं बाई.

डी-१०१ शेटे: वरच्या मजल्यावरील सभासदांनी कपडे नीट पिळून

डी-१०४ काळे: शेटे भाऊजी, तुमच्यावर कोण राहतं ते आम्हाला माहीत आहे, तेही ग्रुपवर आहेत. एकदा वर जाऊन बेल वाजवा.

डी-२०१ कोळी: आमच्या घरून असेल तर सॉरी काका. मशीनचा ड्रायर बिघडलाय. दोरी आतल्या बाजूला घेतो.

बी-१०२ देशमुख (सांस्कृतिक): ठीक आहे. मोतिया किंवा पांढरं, हिरवे काठ. सुती. नोटीस मी बदलते. ज्यांनी ८५० भरलेत त्यांची यादी वॉचमनकडे नाही, माझ्याकडे आहे, सही करून पैसे न्या. अ‍ॅडव्हान्सचं मात्र दुकानदाराशी मी एकटी बोलणार नाही.

ए-३०१ बोल्ली: मी येते ना. शनिवारी ११ च्या आत निघू, ऊन चढायच्या आधी. तो पैसे परत देणार नसेल तर त्याच रकमेत सुती साड्या बदलून घेऊ, निवडायला मी आहे.

बी-१०२ देशमुख (सांस्कृतिक): १०.३० ला गेटवर. पाण्याची बाटली घ्या.

सी-५०१ पाटील (चेअरमन): ध्वजवंदन सकाळी ७ ला ठेवू. भाषण नाही. खुर्च्या ज्येष्ठांसाठी सावलीत.

डी-१०४ काळे: कैरीचं पन्हं मी करते. गूळ कुणी आणेल का दोन किलो?

बी-४०१ शेख: गूळ माझ्याकडून.

सी-३०३ हिरेमठ: बोल्ली ताई, नवी साडी रंग सोडते का ओ? सासूबाई विचारतात.

ए-३०१ बोल्ली: गडद काठ असेल तर सोडू शकते. पहिल्या दोन-तीन धुण्यांना एकटीच भिजवा, गार पाण्यात, गरम पाणी अजिबात नको. सावलीत उलटी वाळत घाला. आणि खळ हवी असेल तर अगदी पातळ करा, तांदळाची पेज गाळून, पाणी जास्त. दाट खळ घातली की सुताची छिद्रं बुजतात आणि साडी कागदासारखी कडक होते, मग सुती नेसून उपयोग नाही. आजींच्या साडीला तर खळच नको.

सी-३०३ हिरेमठ: सांगते त्यांना.