'हरिकेनचे अवशेष'?

डोंगरवाट: मंडळाच्या अंकासाठी ॲशव्हिलच्या पुरावर लिहितेय (नॉर्थ कॅरोलायना, सप्टेंबर २०२४, हेलीन नावाचं हरिकेन). इंग्रजीत ओसरत्या वादळाच्या उरलेल्या भागाला 'रेमनंट्स' म्हणतात, त्यासाठी 'हरिकेनचे अवशेष' लिहिलं, तर आई म्हणाली, अवशेष किल्ल्याचे असतात गं, वादळाचे कुठले? पटलं. गाव ६५० मीटर उंचीवर, समुद्र चारशे किलोमीटर लांब. वारा जॉर्जियातच मंदावला होता, पण डोंगरांना अडून ढग वर चढले आणि रिते झाले. फ्रेंच ब्रॉड नदी २४.६७ फुटांवर गेली, १९१६ चा उच्चांक मोडून. नळाला पिण्याजोगं पाणी यायला ५३ दिवस लागले. याला अवशेष म्हणायचं?

खारवाट: 'शेपूट' लिहा. आमचे आजोबा म्हणायचे, वादळाचं तोंड दिसतं, शेपूट झोडपतं. 'निसर्ग' ३ जून २०२० ला अलिबागेजवळ लागलं, आणि इकडे मावळात मेहुण्याच्या पॉलिहाऊसचा कागद विजेच्या तारांवर लोंबत होता.

शुद्धमती: आधी 'हरिकेन' काढा. चक्रीवादळ हा मराठी शब्द असताना हा हट्ट कशाला?

पावशेर: ताई, तिथेच घोळ आहे. हरिकेन ताशी ११९ किलोमीटरपासून, आपल्या हवामान खात्याचं चक्रीवादळ ६२ पासून. जॉर्जियात हेलीनचं हरिकेनपद गेलं, तरी आपल्या हिशेबानं ते चक्रीवादळच राहिलं. मग कसले अवशेष?

डोंगरवाट: हे भारी आहे! पण ॲशव्हिलला पोचेपर्यंत तेवढाही जोर उरला असेल-नसेल. त्या पावसाला काय म्हणू?

शुद्धमती: मुद्दा भाषेचा आहे, वेगाचा नाही.

पावशेर: भाषेचंच बोलू. 'सायक्लोन' हा शब्द पिडिंग्टन नावाच्या इंग्रज वादळ-अभ्यासकानं कलकत्त्यात बसून ग्रीकवरून घडवला. तुमचं 'चक्री' त्याचीच सावली. हरिकेन निदान कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा, वादळ अंगावर झेललेल्यांचा शब्द आहे.

कंदीलवाला: आमच्या घरी हरिकेन म्हणजे कंदील! वारा आला तरी विझत नाही म्हणून. बंगालीतही कंदिलाला हारिकेनच म्हणतात.

खारवाट: हरीचा कंदील तो हरिकेन, असं आमचे मास्तर सांगायचे :)

शुद्धमती: कृपया असल्या व्युत्पत्त्या पसरवू नका.

डोंगरवाट: अहो, अंक शुक्रवारी छापायला जातोय. शेपूट की अवशेष?

खारवाट: शेपूट.

शुद्धमती: 'उत्तरप्रभाव'.

डोंगरवाट: तो तर औषधाच्या बाटलीवरचा वाटतो.

कंदीलवाला: त्या कंदिलाची काच तुमच्याकडे कशानं पुसायचे? आमच्याकडे चुलीतली राख. आजी वर्तमानपत्राला हातही लावू द्यायची नाही.

पावशेर: राखेनं ओरखडे पडतात हो. पेपरच बरा.