मदत हवी आहे: शिगेरू सुझुकीची 'बँड वॅगन' एलपी जपानहून मागवतोय, ओरिजिनल प्रेस (त्या काळी छापलेली) घेऊ की रिइश्यू (नंतर पुन्हा काढलेली)?

नमस्कार मंडळी, इथे कोणी जपानहून जुन्या एलपी मागवल्या असतील तर प्लीज जरा मार्गदर्शन करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शिगेरू सुझुकी म्हणजे हॅपी एन्ड या जपानी रॉक बँडचा गिटारिस्ट. बँड फुटल्यावर पठ्ठ्या अमेरिकेत गेला आणि १९७५ मधे 'बँड वॅगन' हा पहिला सोलो अल्बम काढला. वय तेविशीचं आणि साथीला कोण, तर लिटल फीट या अमेरिकन बँडचे बिल पेन आणि रिची हेवर्ड, टॉवर ऑफ पॉवर या दुसऱ्या अमेरिकन बँडचा ड्रमर डेव्हिड गॅरिबाल्डी! गाणी लिहिली मात्र हॅपी एन्डच्याच ताकाशी मात्सुमोतोने. सुझुकीचा आवाज तसा साधाच आहे पण पहिलंच गाणं 'सुना नो ओन्ना' लावा, गिटारचा रिफ आणि खाली बेस-ड्रम्स असे काही एकमेकांत बसलेत की मला तरी ते मोबाईलवर ऐकून भागत नाही, टर्नटेबलवरच ऐकायचंय.

आता अडचण. जपानी लिलावाच्या साइटवर एक कॉपी आलीय, विक्रेता म्हणतोय ७५ सालची आहे. फोटोत ओबी, म्हणजे कव्हरवरची ती कागदी पट्टी, दिसतेय पण खालचा कोपरा फाटलाय आणि नेमका किंमतीचा भाग तिथेच होता. एवढं माहितीये की ओबीवर कर धरून आणि कर सोडून अशा दोन किमती असतील तर ती कॉपी १९८९ नंतरची, कारण तिकडे विक्रीवरचा कर त्या वर्षी सुरू झाला. पण इथे किंमतच गेलीय, मग ओळखायचं कसं? लेबलच्या रंगावरून कळतं की रन-आऊटमधे, म्हणजे लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात, कोरलेल्या नंबरवरूनच बघावं लागतं? त्या नंबरचा क्लोजअप मागितला तर विक्रेते देतात का?

शिवाय दुसऱ्या बाजूवर '१०० वॅट नो कोइबितो' च्या सुरुवातीला एक बारीक आडवी रेघ दिसतेय. वाजवून बघितलेली नाही असं लिहिलंय. नुसती वरवरची असेल तर धुवून चालेल, पण खोल असली तर दर फेऱ्याला टकटक, आणि मला ती शोकेसमधे ठेवायची नाहीये, रोज वाजवायचीय. अशा वेळी तुम्ही रिस्क घेता की सरळ स्वच्छ रिइश्यू घेता? या अल्बमचे दोन्ही प्रेस ऐकलेलं कोणी असेल तर बेसमधे फरक जाणवतो का तेवढं नक्की सांगा.

आणि शेवटचं, पाठवताना तबकडी जॅकेटच्या बाहेर काढून वेगळी ठेवा असं तिकडून पार्सल पाठवणाऱ्या एजंटला सांगितलं तर ऐकतात का, नाहीतर प्रवासात जॅकेटची शिवण उसवते. पुण्यात पार्सल आल्यावर कस्टम्सला कुठली कागदपत्रं लागली तेही लिहा. लिलाव रविवारी रात्री संपतोय, त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.