‘बायादेर’ या शब्दाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पॅरिसमधील वेशभूषेविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘बायादेर’ हा फ्रेंच शब्द मला तीन ठिकाणी आढळला : एकदा बॅलेच्या नावात, एकदा कापडाच्या वर्णनात आणि एकदा मोत्यांच्या दागिन्याच्या बाबतीत. कोशात ‘देवदासी’ एवढाच अर्थ मिळाला, तो कापडाला कसा लावायचा? शिवाय गोव्यातील एका स्नेह्यांच्या मते हा शब्द कोकणीतील ‘बायल’ (बाई, बायको) या शब्दावरून आला आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या स्नेह्यांनी गोव्याकडे बोट दाखवले ते योग्यच आहे, मात्र ‘बायल’शी असलेले साम्य केवळ कानाला जाणवणारे आहे. मूळ शब्द पोर्तुगीज ‘बायलादेइरा’ हा आहे. ‘बायलार’ म्हणजे नाचणे आणि ‘बायलादेइरा’ म्हणजे नाचणारी स्त्री. ‘पादेइरो’चा (पाव भाजणारा) गोव्यात ‘पोदेर’ झाला, तशाच प्रकारे ‘बायलादेइरा’ फ्रेंचांच्या तोंडी घासून ‘बायादेर’ झाली. देवळाशी बांधलेल्या स्त्रियांना पोर्तुगिजांनी सरसकट हे एकच नाव दिले. आपल्याकडे मात्र कलावंतिणीचे काम गाण्यानाचण्याचे आणि भाविणीचे देवळातील दिवाबत्तीचे व झाडलोटीचे, असा भेद होता, तो या परक्या शब्दात पुसला गेला. अनुवाद करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे मला फार आवश्यक वाटते.

आणखी एक नाते येथे सांगण्याजोगे आहे. इटालियन भाषेत नाचणे म्हणजे ‘बाल्लारे’. त्यावरून ‘बाल्लो’, त्याचे लघुरूप ‘बाल्लेत्तो’ आणि त्यावरून फ्रेंच ‘बॅले’. पोर्तुगीज ‘बायलार’चे मूळही बहुतेक व्युत्पत्तिकार, ‘बाल्लारे’ ज्यातून आला त्याच उत्तरकालीन लॅटिन क्रियापदात शोधतात. म्हणजे ‘बायादेर’ आणि ‘बॅले’ हे शब्द एकाच घरचे आहेत, आणि त्यांतला एक गोव्याच्या वाटेने फिरून पॅरिसला परतला आहे.

आता बॅलेविषयी. 1830 साली पॅरिसच्या ऑपेरात एक देव आणि बायादेर यांच्या कथेवरील नृत्यनाट्य झाले व त्यात मारी ताल्योनी नाचली. 1838 मध्ये पाँडिचेरीच्या बाजूच्या खऱ्या देवदासींचा एक मेळा पॅरिसला गेला आणि तेओफिल गोतिए या कवी-समीक्षकाने त्यांच्यातील अम्मनी या नर्तकीचे मनापासून कौतुक केले. पुढे याच गोतिएने ‘शाकुंतला’वरून बॅलेची संहिता लिहिली आणि ती 1858 मध्ये पॅरिसला रंगभूमीवर आली. आपण ज्या बॅलेविषयी विचारता तो, नृत्यरचनाकार मारिउस पेतिपाचा ‘ला बायादेर’, 1877 साली सेंट पीटर्सबर्गला झाला. त्याचे संगीत मिंकुसचे होते आणि निकिया या देवळातील नर्तकीची भूमिका येकातेरिना वाझेमने केली होती.

या निकियाच्या पोशाखात लुगडेही नव्हते आणि साडीही नव्हती. कथा ईजिप्तची असो, स्पेनची असो की हिंदुस्थानची, मुख्य नर्तकीने घट्ट चोळीवजा अंगरखा आणि जाळीदार कापडाच्या अनेक थरांचा फुगीर झगाच घालायचा, असा त्या काळच्या रशियन राजरंगभूमीचा संकेत होता. देश दाखवायचा तो काठावरच्या नक्षीतून, डोक्यावरच्या अलंकारातून, झालरीतून. अंगरख्याची कंबर मात्र रस्त्यावरच्या फॅशनप्रमाणे कॉर्सेटने आवळलेली असे. झग्याची लांबी तेवढी वेगळ्या कारणाने कमी होत गेली : 1880 नंतर इटालियन नर्तकींनी पायांच्या बोटांवर तोललेल्या वेगवान गिरक्या आणल्या आणि त्या गिरक्यांत पाय दिसणे गरजेचे झाले. बाहेर स्त्रिया मागच्या बाजूला बसलचा (झग्याखाली बांधायच्या आधाराचा) फुगवटा घेऊन पायघोळ झगे नेसत होत्या, आणि त्याच वर्षांत रंगमंचावरचा झगा गुडघ्याच्या वर चढत होता. फ्रेंच बोलीत या आखूड झग्याला ‘टुटू’ म्हणू लागले तेही याच सुमारास.

म्हणूनच बॅलेच्या नावाचे भाषांतर ‘देवदासी’ असे करू नये, असे माझे मत आहे. ‘देवदासी’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात एक खरी, दुखरी प्रथा उभी राहते. निकिया ही पॅरिस आणि पीटर्सबर्ग यांनी आपल्या कल्पनेतून घडवलेली स्त्री आहे. ‘ला बायादेर’ हे नाव तसेच ठेवून, पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘देवळातील नर्तकी’ असा खुलासा द्यावा.

कापडाचा अर्थ अगदी निराळा आहे. बायादेर म्हणजे ठळक, एकमेकांशी विरोध साधणाऱ्या रंगांच्या आडव्या पट्ट्यांचे कापड. विणकराच्या भाषेत सांगायचे तर हे पट्टे ताण्यात नसून बाण्यात असतात. त्यामुळे ‘आडव्या पट्ट्यांचे’ हे साधे विशेषण पुरेसे आहे. ‘पट्टेरी’ म्हणून भागणार नाही, कारण पट्ट्यांची दिशा हाच या नावाचा अर्थ आहे. शतकाच्या शेवटच्या वर्षांत ही तऱ्हा पुन्हा चलनात आली, तेव्हा झग्यावर मखमलीच्या किंवा रेशमी फितीच्या आडव्या ओळी शिवूनही तोच परिणाम साधत. त्यामागचे कारण शिवणाऱ्याला चटकन कळेल. त्या वेळचा झगा कळ्यांचा असे, कंबरेला अरुंद आणि खाली रुंद. मी जुन्या पट्टेरी चादरीच्या चार कळ्या कापून जोडून पाहिल्या, तर प्रत्येक शिवणीवर आडवा पट्टा मोडून बाणाच्या टोकासारखा कोन तयार झाला. फीत मात्र झगा शिवून झाल्यावर वरून गोल फिरवता येते, त्यामुळे ओळ अखंड राहते. तेव्हा आपल्या मजकुरात पट्टे विणीतले आहेत की वरून लावलेले, हे पाहून ‘आडव्या पट्ट्यांचे’ किंवा ‘फितीच्या आडव्या ओळी लावलेला’ यांपैकी एक निवडावे.

पुरवणी प्रश्न : खुलाशाबद्दल आभारी आहे. मोत्यांचे काय? माझ्या मजकुरात ती ‘बायादेर’ गळ्यात घातलेली आहे आणि तिची टोके कंबरेपर्यंत लोंबतात. ‘तन्मणी’ म्हणावे का?

उत्तर : तन्मणी नको. त्याचे सर गळ्याशी बसतात आणि मध्ये खोड असते, त्यामुळे वाचकाला वेगळाच दागिना दिसेल. येथे बारीक मोत्यांचे अनेक सर एकत्र घेऊन त्यांना दोरखंडासारखा पीळ दिलेला असतो आणि दोन्ही टोकांना मोत्यांचेच गोंडे असतात. ‘पीळदार मोत्यांची गोंडेवाली माळ’ असे लिहावे. गोंडा हा शब्द अवश्य ठेवावा, कारण चालताना कंबरेशी हलणारे ते गोंडे हेच या दागिन्याचे वेगळेपण आहे.