लेन्स फिल्टर: कुठले घ्यावेत? (सल्ला हवा आहे)

झरोका:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे तीन लेन्स आहेत, पुढच्या आट्यांचं माप ४९, ५८ आणि ६७ मिमी. आवड फोटोंची, त्यातही धबधबे आणि डोंगर. पण सध्या मैत्रिणीच्या लघुपटासाठी कॅमेरा माझ्या गळ्यात पडलाय. भर उन्हात एफ/२.८ (म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडं) ठेवलं की सगळं पांढरंफटक. शटर १/३२०० सेकंदावर नेलं तर उजेड आवरतो, पण चालणारा माणूस टकटक उड्या मारल्यासारखा दिसतो. सहा फिल्टरांचा एक संच मिळतोय: यूव्ही (अतिनील किरण अडवणारा), सीपीएल (चकाकी कापणारा पोलरायझर), तीन एनडी (नुसता उजेड कमी करणारे) आणि एक स्टार (दिव्यांना चांदणीसारखे किरण फोडणारा). घेऊन टाकू का? आणि तीन लेन्सना तीन संच लागणार का?

निळाई:
संच अजिबात नको. मी घेतला होता. सहातले दोनच वापरात आले. स्टार फिल्टर एकदा दिव्यांच्या माळेवर लावून हौस भागवली, तेव्हापासून तो कपाटात पडून आहे.
फिल्टर घ्यायचा तो सर्वात मोठ्या मापाचा, एकच. तुमच्या बाबतीत ६७. मग ४९ ते ६७ आणि ५८ ते ६७ अशा दोन स्टेप-अप रिंगा, म्हणजे छोट्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या. जमल्यास पितळी घ्या, ॲल्युमिनियमच्या जास्त अडकतात. एक तोटा आहे: छोट्या लेन्सचा हूड (तिरकं ऊन अडवणारी झालर) मग बहुधा बसत नाही, तळहाताची सावली धरावी लागते. पुढेमागे ७७ मिमीची लेन्स घ्यायचं मनात असेल तर मात्र आत्ताच ७७ चे फिल्टर घ्या.

कंदील:
निळाईंना अनुमोदन. आता एनडी किती घ्यायचा ते बोटांवर मोजू, म्हणजे अंदाजपंचे खरेदी होणार नाही.
सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५०. हालचाल डोळ्यांना सवयीची दिसते ती तिथेच, म्हणून उड्या मारणारा माणूस हा त्या १/३२०० चा प्रताप. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि शटर १/१०० असताना साधारण एफ/१६ लागतो. १/५० ला एफ/२२. तिथून खाली या: १६, ११, ८, ५.६, ४, २.८. सहा पायऱ्या झाल्या, म्हणजे सहा स्टॉप. प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा, म्हणून दोनाचा सहावा घात, ६४. तुम्हाला हवाय एनडी६४.
हाच फिल्टर धबधब्यालाही चालेल. सावलीत १/३० मिळत असेल तर एनडी६४ लावून साधारण दोन सेकंद मिळतात. पाणी रेशमासारखं व्हायला तेवढे पुष्कळ. एनडी१००० म्हणजे दहा स्टॉप, १/१२५ चे थेट आठ सेकंद. ढग ओढायचे असतील तर घ्या, नाहीतर घाई नको.
लॉगमध्ये (रंग नंतर एडिटला सुधारायचे म्हणून फिकट चित्र देणारा व्हिडिओचा प्रकार) शूट करत असाल आणि कॅमेरा आयएसओ ८०० च्या खाली उतरत नसेल, तर वर आणखी तीन स्टॉप धरा.

झरोका:
हे कुणी आधी का नाही सांगितलं! एक शंका: एका डबीवर ०.९ लिहिलंय, दुसरीवर एनडी८. कुठला जास्त काळा?

कंदील:
दोन्ही एकच, तीन स्टॉप. ०.३ म्हणजे एक स्टॉप, त्या हिशेबाने १.८ म्हणजे तुमचा एनडी६४. आणि ३.० म्हणजे एनडी१०००. अंधार तोच, बारसं दोनदा केलंय.

पायवाट:
पण शूटिंगला व्हेरिएबल एनडी सोयीचा नाही का? ढग आला की रिंग फिरवली, काम झालं.

अंगारकी:
सोयीचा आहेच, पण माझी फजिती ऐका. स्वस्तातला व्हेरिएबल, रुंद लेन्स, दुपारचं ऊन. रिंग टोकापर्यंत फिरवली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं ठीक वाटलं. एडिटला मोठ्या पडद्यावर बघतो तर नायिकेच्या कपाळावरून एक तिरकी काळी पट्टी थेट आभाळात गेलेली! आत दोन पोलरायझर एकमेकांवर फिरत असतात. शेवटच्या टोकाला त्यांची फुली उमटते, आणि लेन्स जितकी रुंद तितकी ती लवकर दिसते. शिवाय चेहऱ्यावरची घामाची चमक शॉटागणिक कमीजास्त होत होती. एका शॉटमध्ये नायिका नुकतीच धावून आल्यासारखी, पुढच्यात पावडर लावून बसल्यासारखी.
घ्यायचाच तर दोन ते पाच स्टॉपचा, टोकाला अडणारा घ्या. घेण्याआधी पांढऱ्या भिंतीचे तीन फोटो काढा: कमी, मध्यम, पूर्ण. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा तोल) ऑटोवर नको. तिन्हींत भिंतीचा रंग बदलला तर डबी परत द्या.

कंदील:
गडद साध्या एनडीचीही एक खोड आहे. तो दिसणारा उजेड अडवतो पण इन्फ्रारेड आत सोडतो, मग काळे कपडे तपकिरी-जांभळे दिसतात. सहा स्टॉपच्या पुढे इन्फ्रारेडही अडवणारा प्रकार मिळतो का पाहा.

निळाई:
आणि सीपीएल विसरू नका. फोटोवाल्यांनी एकच फिल्टर घ्यायचा असेल तर मी तोच सांगेन. आभाळाचा निळा रंग संगणकावर ओढूनताणून आणता येतो, पण पाण्यावरची चकाकी काढून तळातले गोटे नाही आणता येत. पावसात भिजलेल्या पानांवर लावून फिरवा, पांढुरकी झाक उतरते आणि हिरवा रंग वर येतो. धातूच्या चकाकीवर मात्र त्याचं फारसं चालत नाही. सूर्य खांद्याच्या बाजूला असताना आभाळावर परिणाम सर्वाधिक. रुंद लेन्सवर मात्र आभाळाचा एकच कोपरा गडद होतो, ते वाईट दिसतं. दीड-दोन स्टॉप उजेड खातो हे धरून चला.
इंद्रधनुष्य दिसलं तर नीट बघून फिरवा. मी एकदा अख्खं पुसून टाकलंय.

पायवाट:
यूव्ही? लेन्सच्या रक्षणासाठी?

अंगारकी:
डिजिटल सेन्सरपुढे यूव्ही अडवणारी काच बहुधा आधीच असते. वाळू, समुद्राचे तुषार असतील तिथे लावा. रात्री दिव्यांसमोर काढून ठेवा, नाहीतर काचेत उमटलेली दिव्यांची भुतं फ्रेमभर नाचतात.

निळाई:
मी मात्र कायम लावते. पुसून पुसून ओरखडे पडायचे ते फिल्टरवर पडू देत.

झरोका:
धन्यवाद मंडळी. संच रद्द. ६७ चा एनडी६४, सीपीएल आणि दोन रिंगा घेतोय, व्हेरिएबल शूटपुरता उसना. रिंग अडकली तर काय करायचं तेही सांगून ठेवा.

कंदील:
जोरात आवळू नका, कडा चपटी होऊन आणखी बसते. रुंद रबरबँड कडेभोवती गुंडाळा आणि हलक्या हाताने उलटी फिरवा.