वाईनमधला फरक सामान्य माणसाला कळतो की नाही?

गंगापूररोडकर: काल इथे एकाने ठोकून दिलं, "वाईन सगळी सारखीच, चव लेबलात असते." दाखला फ्रान्समधल्या बोर्दोच्या २००१ च्या प्रयोगाचा. तिथल्या ब्रोशे नावाच्या संशोधकाने व्हाईट वाईनमध्ये लाल रंग मिसळला आणि वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. अहो, डोळ्यांनी जिभेला फसवलं, म्हणून जीभ मेली का? आमच्या भावोजींनी जन्मात वाईन घेतली नव्हती. डोळे बांधून तीन पेले दिले, दोनांत शेनिन, एकात सोव्हिन्यॉ, दोन्ही व्हाईट वाईनच्या द्राक्षाच्या जाती. पाचही वेळा वेगळा पेला बरोबर काढला. म्हणाले, "याला ढोबळी मिरचीचा वास येतोय."

सिडकोवाला: हापूस आणि तोतापुरी कुणीही ओळखेल. प्रश्न आठशेच्या आणि अठराशेच्या बाटलीचा आहे. अमेरिकेत किंमत लपवून सहा हजारांवर वेळा चव घ्यायला लावली, २००८ साली निष्कर्ष छापला: सामान्य लोकांना महागडी वाईन किंचित कमीच आवडली. लग्नाच्या वाढदिवसाला मी अठराशे घातले, बायको म्हणाली, "मागची बरी होती." ते पैसे अजून सलतात.

निफाडची_बाग: चव बागेत ठरते. वाईनचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. रेडचा तुरटपणा तिथून येतो. खायच्या द्राक्षांत थॉम्पसन की सोनाका, मी डोळे मिटून मणी चावून सांगतो. पण आमचं ऐकतो कोण? वायनरीशी करार करून शिराझ, म्हणजे रेड वाईनची जात, लावली. साखर भरली तरी तोडणीचा निरोप येईना. माल पंधरा दिवस वेलीवर, त्यात फेब्रुवारीचा पाऊस. मग मणी सडला म्हणून दर पाडला. पैसे पुढच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे ऑक्टोबर उलटल्यावर, तेही अर्धे.

सिडकोवाला: इथे चवीचं चाललंय. दराचा वेगळा धागा काढा.

निफाडची_बाग: का काढू? २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हा शेतकऱ्याचंच नाव पुढे केलं होतं ना? तेव्हा बरा चालला आमचा विषय!

गंगापूररोडकर: दादांना गप्प करू नका. वेलीवर जास्त राहिलेल्या द्राक्षाची वाईन जड, मुरंब्यासारखी लागते. तो फरक पेल्यात उतरतोच. बाकी किंमत जिभेला कळत नाही, हे नाइलाजाने मान्य.

सिडकोवाला: मग मी दुसरं काय म्हणत होतो? जात ओळखू येते, ठीक आहे. त्यापुढे एक पाऊल येणार नाही. दादा, उरलेले पैसे मिळाले का?

निफाडची_बाग: नाही. शिराझ उपटली. त्या जागी परत थॉम्पसन लावलाय.